यूव्हीसोबत आठ महिने: कुठलं पिप, कुणाचं पायथॉन?

माझ्या लॅपटॉपवर तीन पायथॉन नांदतात, म्हणजे त्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तीन आवृत्त्या. त्या सांभाळायला गेले आठ महिने मी यूव्ही हे साधन वापरतेय. ३.१० हा घरचा, उबुंटू २२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेला. ३.१२ नव्या प्रोजेक्टसाठी. आणि ३.८ एका जुन्या क्लायंटचा, ज्याचा सर्व्हर अजून उबुंटू २०.०४ वर ठाण मांडून बसलाय. पायथॉनची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, बसवायचं नेहमीचं साधन पिप. त्यामुळे ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं की पॅकेज नेमकं कुणाच्या घरात जाऊन पडलं, हे शोधण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

एकदा शहाणपणा करून सिस्टिमच्या पायथॉनची सिमलिंकच (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) ३.१२ कडे वळवली. टर्मिनल उघडेना. उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारं ॲप्टही कुठलंसं मॉड्यूल सापडत नाही म्हणून रडायला लागलं. उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच पायथॉनवर चालतात, हे तेव्हा कळलं.

मग पायथॉनच्या आवृत्त्या सांभाळणारं पायएन्व्ही घेतलं. वाईट नाही ते, पण प्रत्येक आवृत्ती सोर्सपासून कंपाइल करतं, म्हणजे मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर बांधतं. एका गुरुवारी (कोथरूडकरांना वार सांगितला की पुरे, लाईट गेली हे वेगळं सांगायला नको) ३.८ लावायला घेतलं आणि माझ्या म्हाताऱ्या बॅटरीने मध्येच मान टाकली. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला शेवटपर्यंत गेलं आणि ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) मिळालं नाही म्हणून आपटलं. बांधणीला लागणाऱ्या त्याच्या डेव्ह फाइल्स टाकायच्या मीच विसरले होते.

यूव्हीकडे वळले ती या वैतागातून. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आलं तेव्हा पिपला वेगवान पर्याय एवढीच त्याची ओळख होती. पायथॉनच्या आवृत्त्या सांभाळायची सोय त्याच वर्षी नंतर आली. ते आधीच बांधून ठेवलेलं पायथॉन उतरवून घेतं. ३.८ बसेपर्यंत माझा चहासुद्धा उकळला नव्हता. सगळे वेगाचंच कौतुक करतात, आणि वेग आहेच, पण मला त्याहून मोठी वाटते ती फोल्डरमधली एका ओळीची फाइल: इथे ३.८. ‘यूव्ही रन’ ती वाचतं आणि तेच पायथॉन उचलतं. हिंजवडीच्या ऑफिसात नवीन मुलगा आला, त्याने ‘यूव्ही सिंक’ केलं आणि लॉक फाइलमधल्या (पॅकेजेसच्या आवृत्त्यांची पक्की यादी) नेमक्या त्याच आवृत्त्या त्याच्याकडे आल्या. पूर्वी यात त्याचा पहिला दिवस गेला असता, आणि माझाही.

फसलेही. यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसचा वेगळा कप्पा) पिप नसतंच. मी सवयीने ॲक्टिव्हेट करून साधं ‘पिप इन्स्टॉल’ मारलं. झालं म्हणालं. इम्पोर्ट केलं तर मॉड्यूल गायब. वर स्क्रोल केल्यावर एक ओळ दिसली, ‘डिफॉल्टिंग टू यूझर इन्स्टॉलेशन’. म्हणजे सिस्टिमचं पिप धावत आलं होतं आणि सगळा माल ३.१० च्या घरी टाकून गेलं होतं. आता हात आपोआप ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ टाइप करतात. पिप हवंच असेल तर एन्व्हायर्नमेंट बनवताना ‘सीड’चा पर्याय द्यावा.

दुसरी गंमत ऑफिसच्या आतल्या इंडेक्सची, म्हणजे जिथून पॅकेजेस उतरवतात त्या भांडाराची. तिथे एका लायब्ररीची जुनी आवृत्ती पडून होती. पिप सगळे इंडेक्स बघून सर्वांत नवी निवडायचं. यूव्हीला एका इंडेक्सवर नाव सापडलं की ते पुढे जातच नाही. अर्धा दिवस मी चरफडले. पण आपल्या आतल्या पॅकेजचंच नाव वापरून कुणी बाहेर खोटं पॅकेज टाकलं तर हाच नियम वाचवतो, हे कळल्यावर गप्प बसले.

कॅशवर, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजेसच्या साठ्यावर, मात्र लक्ष ठेवा. माझी ११ जीबीपर्यंत फुगली होती, ‘यूव्ही कॅश प्रून’ने बरीच उतरली. आणि प्रोजेक्ट वेगळ्या डिस्कवर ठेवलात तर हार्डलिंक (साठ्यातलीच फाइल दुसऱ्या नावाने वापरणं) जमत नाही, प्रत्येक फाइलची वेगळी प्रत होते.

एक जुनी लायब्ररी ३.१२ वर डिस्टयूटिल्स हे पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल मागत बसते. ते पायथॉनमधूनच काढून टाकलंय, तिथे यूव्ही तरी काय करणार!

राहता राहिलं ३.८. त्याची अधिकृत मुदत ऑक्टोबर २०२४ मध्येच संपली. क्लायंटला तीन मेल गेलेत, तिन्हींवर ‘नोटेड’ आलंय. त्या फोल्डरमधली एक ओळ अजून तशीच आहे.