सेव्ह केलेली चित्रं उतरवून देतो म्हणणाऱ्या एक्स्टेन्शनपासून सावध राहा

मी हातांची चित्रं जमवते. चित्रकला शिकताना मला सगळ्यात जास्त छळलं ते हातांनी. त्यामुळे इन्स्टाग्रामवर कुणी सुरेख काढलेला हात दिसला की तो ‘हात’ नावाच्या कलेक्शनमध्ये टाकायचा, हे सहा वर्षं चाललं होतं. वळलेल्या मुठी, बोटांची पेरं, म्हाताऱ्या हातांवरच्या शिरा. २३०० च्या वर पोस्ट झाल्या होत्या.

एकदा एका चित्रकाराने आपलं खातं बंद केलं आणि त्याची माझ्याकडची सगळी चित्रं रातोरात नाहीशी झाली. ‘सेव्ह’ केलं म्हणजे चित्र आपल्याकडे आलं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती नुसती खूण असते. मूळ पोस्ट गेली की खूणही गेली.

मग मी इन्स्टाग्रामकडून माझी माहिती डाउनलोड करण्याची विनंती टाकली. झिप फाइल आली. तिच्यात मी स्वतः टाकलेले फोटो होते, पण सेव्ह केलेल्या पोस्टचं एकही चित्र नव्हतं. खात्याचं नाव, लिंक आणि तारीख, एवढीच लांबलचक यादी. माझी निराशा झाली. झिप बाजूला ठेवून दिली आणि विसरून गेले.

आठ महिन्यांनी एक ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, सापडलं. कलेक्शन उघडा, हव्या त्या चित्रांवर टिक करा, मूळ आकारात उतरवून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. मला नेमकं हेच हवं होतं, कारण सगळी २३०० चित्रं कुठे हवी होती? बसून ३४० निवडली, एकेक पारखून. मूळ आकारासाठी पैसे मागितले, ते भरले. लॉगिनसाठी त्याने स्वतःची वेगळी खिडकी उघडली, तिथे पासवर्ड टाकला. इन्स्टॉल करताना ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली होती, तीही दिली. हे सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण यातल्या प्रत्येक पायरीवर मला थांबता आलं असतं.

फोल्डर भरला. पहिलं चित्र मोठं करून पाहिलं तर दोन बोटांमधली रेघच दिसेना, सगळं एकमेकांत मिसळलेलं. फाइल १५० पिक्सेल रुंदीची होती. कलेक्शनचं पान लवकर उघडावं म्हणून जी छोटी चित्रं दाखवली जातात, तीच त्याने उचलली होती. फाइलची नावं १, २, ३ अशी. कोणतं चित्र कुणाचं, याचा पत्ता नाही.

मूळ चित्रं पुन्हा पाहावीत म्हणून कलेक्शन उघडलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. निवडलेली ३४० च्या ३४० चित्रं तिथे नव्हती. एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी ‘उतरवलेल्या पोस्ट कलेक्शनमधून काढा’ असा पर्याय होता, आणि त्यावर आधीपासूनच टिक केलेली होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींचे फोन सुरू झाले, ‘ही कसली लिंक पाठवलीस?’ माझ्या खात्यावरून माझ्या नकळत मेसेज जात होते.

असं काही झालं तर आधी एक्स्टेन्शन काढून टाका, मगच पुढचं. मी घाबरून आधी पासवर्ड बदलला, तो त्याच ब्राउझरमध्ये, एक्स्टेन्शन चालू असताना. म्हणजे नवा पासवर्डही त्याच्या डोळ्यांदेखत टाकला. शिवाय चालू असलेलं सेशन, म्हणजे आपण आधीच केलेलं लॉगिन, चोरलेलं असेल तर समोरच्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. म्हणून एक्स्टेन्शन गेल्यावर इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधली ‘तुम्ही कुठे लॉगिन केलं आहे’ ही यादी उघडून सगळी डिव्हाइस लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा. माझ्या यादीत दोन अनोळखी डिव्हाइस होती. पैसे परत मागितले, त्याला आजवर उत्तर नाही.

चांगले रिव्ह्यू पाहूनही विश्वास टाकू नका. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ निर्मात्याने दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) असल्याचं सांगून ते बंद केलं. अपडेट आपोआप येतात, मालक बदलला तरी.

मला तारलं ते त्या बाजूला ठेवून दिलेल्या झिपने. मी नवी झिप मागवली आणि जुनी व नवी यादी शेजारी ठेवून ताडून पाहिली. जुन्यात आहेत पण नव्यात नाहीत अशा ३३७ लिंक निघाल्या. २६ उघडल्या नाहीत, त्या मधल्या काळात, मी ३४० निवडण्याआधीच, चित्रकारांनी डिलीट केलेल्या. उरलेल्या ३११ उघडल्या. त्या रात्री मी उशिरापर्यंत एकेक हात पुन्हा पाहत बसले होते.

आता पोस्ट स्वतः उघडते, मोठ्या स्क्रीनवर, आणि खरंच लागणार असेल तेवढंच चित्र घेते, फक्त सरावापुरतं. फाइलच्या नावात चित्रकाराच्या खात्याचं नाव आणि तारीख. लिंक एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. दोन प्रती, त्यातली एक कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, कारण क्लाउड सिंक चालू असेल तर इकडे डिलीट केलेलं तिकडूनही जातं. काही चित्रकारांना सरळ मेसेज करून विचारलं, तर त्यांनी स्वतःहून मोठी फाइल पाठवली! दर तीन महिन्यांनी नवी झिप मागवते आणि जुनी पुसत नाही.

३४० पैकी राहिली ती २९, जुन्या झिपनंतर सेव्ह केलेली. त्या छोट्या चित्रांवरून इमेज सर्च करून ११ सापडली. उरलेल्या १८ मध्ये सुईत दोरा ओवणाऱ्या एका म्हातारीच्या हातांचं चित्र आहे. १५० पिक्सेलच्या त्या फाइलमध्ये सुई ओळखू येते, दोरा दिसत नाही.