प्रोजेक्टर जळालाच नव्हता

प्रोजेक्टरचा बोर्ड जळाला आहे असं सांगून आमच्या शाळेकडून ६,८०० रुपये घेतले गेले. बोर्ड जळाला नव्हता. प्रोजेक्टर उघडलासुद्धा नव्हता. हे आम्हाला दीड महिन्यानंतर कळलं, तेही योगायोगाने. दुसऱ्या कुठल्या शाळेवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला, एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात छताला प्रोजेक्टर टांगलेला आहे. त्याची व्हीजीए केबल केसिंग पट्टीतून भिंतीवरून खाली टेबलापर्यंत आणलेली, साधारण दहा मीटर. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर गेल्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. दहावीच्या एका जुन्या बॅचच्या मुलांना हे समजलं आणि त्यांनी आपसात वर्गणी करून ३२,००० रुपये आणून दिले. त्यात ई-रिक्षा चालवणाऱ्या एकाचे पाचशे होते, इतवारीत किराणा दुकानात कामाला असलेल्या एकीचे तीनशे होते. कुणाचे किती ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. त्यामुळेच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी वर्ग तयार हवा होता, म्हणून मी आणि आमचे एक सर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. एका कॉम्प्लेक्समधल्या दुकानदाराने मिनी पीसी दाखवला, जाड शब्दकोशाएवढा डबा. "आय-५ आहे मॅडम, सोळा जीबी रॅम, ५१२ चं एसएसडी, एकदम नवा पीस." किंमत २१,५००. मी विचारलं, आमच्या प्रोजेक्टरला व्हीजीए आहे आणि या डब्याला तर एचडीएमआय दिसतंय, मग कसं जमेल? तो म्हणाला, "काहून नाही जमणार? केबल मी देतो ना." त्याने दुकानातल्या मॉनिटरला डबा जोडून चालवूनही दाखवला. चित्र स्वच्छ होतं. पण तो मॉनिटर एचडीएमआयचा होता आणि केबलही दुसरीच होती. आम्हाला दिलेली केबल पाकिटात बंद होती: एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला निळा व्हीजीए, मध्ये काहीच नाही. तिचे ६५० रुपये.

या केबलनेच सगळं सुरू झालं, म्हणून ती नीट समजून घ्या. व्हीजीए ही कॉम्प्युटरचं चित्र पडद्यापर्यंत नेण्याची १९८७ पासूनची, पंधरा पिनांची, अ‍ॅनालॉग पद्धत आहे. एचडीएमआय डिजिटल आहे, तिच्या पिना एकोणीस. कॉम्प्युटरच्या एचडीएमआय खाचेतून अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर येतच नाही. मग नुसती तार या टोकाकडून त्या टोकाला नेऊन उपयोग काय? मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, जो डिजिटलचं अ‍ॅनालॉग करतो. तो काडेपेटीएवढा किंवा त्याहून लहान असतो. चिप नसलेली ती केबल बाजारात सर्रास मिळते, पण अशा जोडणीत तिच्यातून चित्र कधीच येणार नाही. दुकानदाराला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

वर्गात जोडलं तर भिंतीवर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. फोन केल्यावर दुकानातून एक मुलगा आला. त्याने दहा मिनिटं केबल काढली-घातली, टेबलावर चढून प्रोजेक्टरला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, याचा बोर्ड उडाला. जुना प्रोजेक्टर आहे, नव्या मशीनचा करंट त्याला झेपला नाही." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपणच नवं यंत्र जोडलं आणि आपणच शाळेचा प्रोजेक्टर जाळला, हे एकदा मनात बसलं की माणूस उलट प्रश्न विचारत नाही. त्याने प्रोजेक्टर खाली उतरवला आणि घेऊन गेला.

नऊ दिवसांनी दुकानदाराचा व्हॉट्सअ‍ॅप आला: बोर्ड बदलला, ६,८०० पाठवा. आम्ही पाठवले. मुलाने येऊन प्रोजेक्टर परत टांगला आणि खरंच चित्र आलं. या वेळी टेबलामागे केबलच्या मध्ये एक छोटा पांढरा डबा काळ्या टेपने गुंडाळून चिकटवलेला होता. हे काय, असं मी विचारलं. "स्टॅबिलायझर समजा मॅडम. काढू नका, नाही तं पुन्हा बोर्ड उडेल." जुलैभर त्या डब्याला कुणी हात लावला नाही. मुलांनाही मी बजावून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनासाठी एक व्हिडिओ दाखवायचा होता आणि आवाज येत नव्हता. आमचा एक माजी विद्यार्थी मंगल कार्यालयांमध्ये साउंड आणि प्रोजेक्टर लावण्याचं काम करतो. त्याला बोलावलं. व्हीजीएमधून आवाज जात नाही, स्पीकरची पिन वेगळी जोडावी लागते, एवढंच ते काम होतं. पण टेबलामागे वाकल्यावर त्याने ती टेप सोडवली आणि मला जवळ बोलावलं. "मॅडम, हे स्टॅबिलायझर नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर आहे. पाचशेच्या आत येते."

मग तो प्रोजेक्टरकडे वळला. आम्ही शाळेच्या प्रत्येक वस्तूवर डेडस्टॉक नोंदवहीतला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या यादीतला क्रमांक ऑइल पेंटने लिहितो. प्रोजेक्टरवर तो बाजूला लिहिलेला आहे, वरचं आणि खालचं कव्हर जिथे जुळतं नेमका त्या सांध्यावर. कव्हर उघडलं असतं तर रंग सांध्यावर तडकलाच असता. तो अखंड होता. खालच्या एका स्क्रूवरचं कंपनीचं स्टिकरही जसंच्या तसं. फिल्टरमध्ये आमच्याच खडूची पांढरी भुकटी. त्याने प्रत्येकाचे फोटो काढायला लावले. मी काढले, पण हात थरथरत होता.

शेवटी त्याने त्याच्या गाडीतून जुना लॅपटॉप आणला, व्हीजीए असलेला. आमची तीच जुनी केबल थेट त्याला लावली आणि दोन मिनिटांत चित्र आलं. जूनमध्ये एवढंच करून पाहायला हवं होतं. तो आणखी एक गोष्ट बोलला जी मी आता सगळ्यांना सांगते: 'नो सिग्नल' हे शब्द प्रोजेक्टर स्वतःच भिंतीवर लिहितो. ते स्वच्छ दिसत असतील, मेनूचं बटण दाबल्यावर मेनू उमटत असेल, तर दिवा आणि चित्र उमटवणारा भाग चालू आहे. दोष आधी केबलमध्ये, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये किंवा प्रोजेक्टरवर निवडलेल्या सोर्समध्ये शोधायचा. विंडोज की धरून पी दाबलं की डुप्लिकेटचा पर्याय येतो, तोही पाहायचा. प्रोजेक्टर छतावरून उतरवणं हे सगळ्यात शेवटी.

मग कॉम्प्युटरकडेही संशयाने पाहणं आलंच. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं नाव होतं आय-५ ६५००टी. आय-५ म्हणजे एकच वस्तू असं आम्ही समजत होतो. पुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो, आणि सहावी पिढी २०१५ ची आहे. रॅम सोळा नव्हे, आठ. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे आमच्या यंत्रात ती नियम डावलून टाकलेली. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं वापरलेलं यंत्र पुसून, नवं म्हणून दिलं होतं. वापरलेलं यंत्र विकण्यात गैर काही नाही, कित्येक शाळा समजून-उमजून तेच घेतात. तसंच यंत्र दुसऱ्या दुकानात दहा-अकरा हजारांना, वापरलेलं असं स्पष्ट सांगून, मिळत होतं.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा तो आवाज चढवून बोलला. बिल मागितलं तर म्हणाला, दिलं ना. आमच्याकडे होता तो 'एस्टिमेट' असं छापलेला कागद, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकान कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पैसे भरण्याआधी हे पाहायला एक मिनिट लागतं. आम्ही पैसे त्याच्या वैयक्तिक क्यूआरवर टाकले होते.

तरी आम्ही पूर्ण रिकाम्या हाती नव्हतो. यूपीआयच्या नोंदी होत्या. 'नवीन पीस, १६ जीबी' असा भाव त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवला होता. 'बोर्ड बदलला' हा संदेश होता. आणि न तडकलेल्या रंगाचे फोटो. मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. पत्र पोहोचल्यावर चार दिवसांत ६,८०० रुपये परत आले, सोबत एक शब्दही नाही. कॉम्प्युटर मात्र तो परत घेत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची कागदपत्रं तयार केली आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी गप्प बसू नये.

वर्गणी देणाऱ्या मुलांना मी शाळेत बोलावून सगळा हिशेब दाखवला. कुणी रागावलं नाही. ई-रिक्षावाला फक्त म्हणाला, "मॅडम, मले फोन करायचा ना, मी आलो असतो बर्डीवर."

कन्व्हर्टर घेणार असाल तर दुकानात शब्द उलटे होऊ देऊ नका. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर 'एचडीएमआयकडून व्हीजीएकडे' असाच मागा. उलट दिशेचा वेगळा येतो, दिसायला सारखाच, आणि तो या कामाचा नाही. केबल लांब असेल तर वेगळी यूएसबी पॉवर घेणारा आणि ऑडिओची खाच असलेला बरा. कॉम्प्युटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एचडीएमआयहून वेगळी खाच असेल तर त्याचा कन्व्हर्टर आणखी वेगळा. आणि काहीही झालं तरी पूर्ण पैसे आपल्या वर्गात, आपल्या भिंतीवर चित्र आल्यावरच द्या.

त्या माजी विद्यार्थ्याने त्याचा व्हीजीएचा जुना लॅपटॉप शाळेला देऊन टाकला आहे. तो आणि एक जादा कन्व्हर्टर प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. आजूबाजूच्या कुठल्याही शाळेत 'नो सिग्नल' आला आणि कुणी बोर्ड गेला म्हणालं, तर प्रोजेक्टर खाली उतरवू देण्याआधी या दोन वस्तू घेऊन जा आणि तपासून पाहा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, फक्त नोंदवहीत सही करायची.