पिसाकमध्ये खऱ्या नोटा दिल्या, हातात खोट्या आल्या

पेरूला येत्या मोसमात कुणी जाणार असेल, तर हे जरूर वाचा. मे ते सप्टेंबर तिकडच्या डोंगराळ भागात फारसा पाऊस नसतो, त्यामुळे गर्दी असते, आणि नोटा बदलून फसवणाऱ्या लोकांचा धंदाही तेव्हाच जोरात असतो.

तिथलं कुसको शहर 3,400 मीटर उंचीवर आहे. तिथे पहिल्याच दिवशी डोकं धरतं. म्हणून आम्ही दोघी मैत्रिणी जवळच्याच, पण कमी उंचीवरच्या सेक्रेड व्हॅली नावाच्या खोऱ्यात पिसाकला उतरलो. नदीकाठचं छोटं गाव, डोंगरावर इंकांच्या काळातली पायऱ्यापायऱ्यांची शेती, चौकात बाजार, मातीच्या भट्टीतून निघालेले गरम एम्पनादा, म्हणजे सारण भरलेल्या करंजीसारखा प्रकार. सकाळी उठून कुठे जायचं, हेसुद्धा ठरवावं लागत नव्हतं. गाव खरंच लाघवी आहे आणि तिथली माणसं फार चांगली आहेत. आम्हाला फसवलं एकाने, त्याचं खापर मी गावावर फोडणार नाही.

डोंगरावरच्या अवशेषांपर्यंत टॅक्सीने जायचं आणि उतरताना चालत यायचं, असा तिथला नेहमीचा बेत. चौकाजवळ एक टॅक्सी मिळाली. चालक वयस्कर, बोलका. वाटेत भारताबद्दल विचारत होता. भाडं आधीच ठरलं होतं, 30 सोल (सोल हे पेरूचं चलन). वर पोहोचल्यावर मी 100 सोलची नोट दिली. आदल्याच दिवशी एटीएममधून काढलेली, अगदी कोरी. त्याने ती मांडीजवळ नेऊन चाचपली, मान हलवली आणि परत केली. ‘‘फाल्सो, अमीगा.’’ म्हणजे, खोटी आहे, मैत्रिणी. आवाज चढवला नाही, उलट आमची कीव आल्यासारखा चेहरा. मागे दुसऱ्या गाड्या खोळंबलेल्या. मी दुसरी शंभराची नोट काढली. तीही तशीच परत आली. शेवटी मैत्रिणीने सुटे 30 सोल दिले. ते मात्र त्याने न बघता खिशात टाकले आणि गाडी वळवली.

संध्याकाळी किराणा दुकानातल्या बाईंनी नोट हातात घेताच अंगठा फिरवला आणि थांबल्या. गल्ल्यातली खरी नोट काढून शेजारी ठेवली. खऱ्या नोटेवरची छपाई बोटाला खरखरीत लागते; तिरकी धरली की आकड्याचा रंग बदलतो. आमची गुळगुळीत, रंग तसाच. मग आमच्या दोन्ही नोटा शेजारी ठेवल्या तर दोन्हींवर नंबर एकच! शिवाय एटीएमच्या नोटा कोऱ्या होत्या, या चार घड्या पडलेल्या. म्हणजे दोन्ही वेळा त्याने खरी नोट ठेवून घेतली आणि आधीच तयार ठेवलेली खोटी परत केली. 200 सोल गेले, म्हणजे आपले साडेचार-पाच हजार रुपये.

पैशांपेक्षा जास्त चीड मला या गोष्टीची येते की या डावात चोर ठरतो तो आपण. खोटी नोट आपणच दिली, या समजाने माणूस ओशाळतो आणि मुकाट दुसरी काढून देतो. भाषा येत नसली तर वाद घालायचीही सोय नाही.

तिथे नोटांची दोन रूपं एकाच वेळी चालतात. 100 सोलच्या जुन्या नोटेवर इतिहासकार खोर्खे बासाद्रे यांचं चित्र आहे, 2021 पासून आलेल्या नव्या नोटेवर अभियंते पेद्रो पाउलेत यांचं. दोन्ही चालतात. त्यामुळे नवख्याला ‘ही नोट चालत नाही’ असं सांगणं सोपं जातं. एटीएममधून मोठ्या नोटा आल्या की सुपरमार्केटमध्ये किंवा मोठ्या दुकानात मोडून घ्या. टॅक्सीत आणि बाजारात 10 आणि 20 च्याच द्या. मोठी नोट द्यायचीच वेळ आली, तर देण्याआधी तिच्या नंबरचा फोटो काढा, समोरच्याला दिसेल असा. परत मिळालेल्या नोटेचा नंबर तिथल्या तिथे ताडून बघा आणि तोवर गाडीतून उतरू नका. अडचण आली तर पर्यटकांसाठी कुसकोत वेगळे पोलीस आहेत. आमची तक्रार त्यांनी शांतपणे लिहून घेतली.

आणि अंगावर पडलेली खोटी नोट दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायला जाऊ नका. तो तिथे गुन्हा आहे, आणि नुकसान होतं ते रस्त्यावर मका विकणाऱ्या एखाद्या बाईचं. आम्ही दोन्ही नोटा बँकेत दिल्या. बदल्यात काही मिळत नाही.