कोरियन की चिनी? प्रेममालिका निवडताना

एकच कथा दोन देशांनी आपापल्या पद्धतीने चित्रित केलेली असेल तर तुलना नेमकी करता येते, आणि सुदैवाने तशी एक कथा उपलब्ध आहे. तोंग ह्वा या चिनी लेखिकेच्या कादंबरीवरून २०११ मध्ये चीनच्या हुनान वाहिनीवर ‘स्कार्लेट हार्ट’ ही ३५ भागांची मालिका आली. त्याच कादंबरीवरून २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीने ‘मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट रियो’ ही २० भागांची मालिका दाखवली. दोन्हींत आजच्या काळातली एक तरुणी भूतकाळात जाऊन पोहोचते, राजपुत्रांच्या सत्तास्पर्धेत सापडते, तिचे मन आधी आठव्या राजपुत्रावर आणि पुढे चौथ्यावर जडते, आणि हा चौथा राजपुत्रच अखेर सिंहासनावर बसतो. कोरियन मालिकांकडे वळावे की चिनी, अशा विचारात असलेल्यांनी या जोडीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण कथा सारखी असूनही दोन्ही मालिका प्रेक्षकाला रडवतात त्या अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी. (पुढे दोन्हींचे शेवट उघड केले आहेत.)

कोरियन आवृत्तीचा सारा भार चौथ्या राजपुत्राच्या, म्हणजे वांग सोच्या, चेहऱ्यावरील जखमेवर आहे. ही जखम लहानपणी त्याच्या सख्ख्या आईच्या हातून झालेली आहे, आणि त्यानंतर आईने त्याला दूर दत्तक पाठवून दिलेले आहे. राजवाड्यात तो मुखवटा घालून वावरतो आणि लोक त्याला घाबरतात. नायिकेचे नाव हे सू, आणि ती सौंदर्यप्रसाधनांत निष्णात आहे. पर्जन्ययागाच्या वेळी राजपुत्राला उघड्या चेहऱ्याने प्रजेसमोर जाणे भाग असते, तेव्हा ती त्याला समोर बसवून हळूहळू लेप लावते आणि व्रण झाकते. या प्रसंगात अभिनेता ली जून-गी फारसे बोलत नाही. ज्या चेहऱ्याकडे आईनेही कधी मायेने पाहिले नाही त्याला कुणीतरी न बिचकता हात लावते आहे, एवढेच त्याच्या डोळ्यांत दिसते. कोरियन प्रेममालिकांच्या भावनिक ताकदीचे मर्म मला इथे सापडते. तिथे प्रेम हे बहुधा जुन्या दुखण्यावरच्या शुश्रूषेच्या रूपाने येते, त्यामुळे आधी ते दुखणे आपल्यापर्यंत पोहोचवणे हे लेखकाचे पहिले काम ठरते.

चिनी आवृत्तीतील चौथा राजपुत्र यिनझेन याच्या चेहऱ्यावर असा कोणताही व्रण नाही. तो शांत, थंड, मोजके बोलणारा आहे, आणि तो पुढे सम्राट योंगझेंग होणार हे नायिका रुओशीला पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण तिला इतिहास माहीत आहे. या माहितीतच तिच्या दुःखाचे मूळ आहे. आठव्या राजपुत्राचा जीव वाचावा म्हणून ती त्याला चौथ्यापासून आणि त्याच्या जवळच्या माणसांपासून सावध राहायला सांगते. तो इशारा ऐकून आठवा राजपुत्र पुढे डाव टाकतो, त्यात चौथ्याचा आळ आपल्यावर घेऊन तेरावा राजपुत्र बंदिवासात जातो, आणि हे सारे आपल्याच शब्दांमुळे घडले हे रुओशीला फार उशिरा कळते. कोरियन आवृत्तीत हे सूला त्या काळाबद्दल फारसे ठाऊक नसते, त्यामुळे ही अपराधाची साखळी तिथे इतकी घट्ट बसत नाही. म्हणूनच, कोरियन मालिका माझ्या मनाला अधिक लवकर भिडली असली तरी पटकथा म्हणून मी चिनी मालिकेला वरचे स्थान देते.

पावसातला प्रसंग दोन्हीकडे आहे, आणि फरक बघायचा तर तो तिथेच बघावा. कोरियन मालिकेत हे सू आपल्यावर माया करणाऱ्या एका वडीलधाऱ्या स्त्रीच्या प्राणांसाठी भर पावसात गुडघे टेकून बसते. आठवा राजपुत्र तिला पाहून मागे फिरतो आणि चौथा येऊन आपला झगा तिच्या डोक्यावर धरतो. एका दृश्यात निवाडा होतो: कोण सोडून गेला आणि कोण थांबला हे प्रेक्षकाला कळते, आणि त्याचे मन पक्के होते. चिनी मालिकेत रुओशी बसते ती तेराव्या राजपुत्रासाठी, आणि चौथा राजपुत्र तिच्याजवळ येऊन पावसात उभा राहतो खरा, पण ज्या भावाने त्याच्याऐवजी शिक्षा पत्करली त्याच्यासाठी त्याला उघडपणे एक शब्दही काढता येत नाही. या दृश्याने कसलाही निवाडा होत नाही. दोन हतबल माणसे एकमेकांची हतबलता ओळखतात, आणि पुढच्या कित्येक भागांतील त्यांचे नाते त्या ओळखीवर उभे राहते. शेवटही याच वळणाने जातात. नायिकेच्या मृत्यूनंतर कोरियन राजा तिला शोधून काढण्याचे वचन देतो. चिनी मालिकेत ती आजच्या काळात परतते, संग्रहालयात त्याच चेहऱ्याचा माणूस तिच्यासमोर येतो आणि तिला न ओळखता निघून जातो.

या एका जोडीवरून सरसकट नियम काढणे धाडसाचे ठरेल, परंतु इतर मालिका पाहतानाही हा कल पुन्हा पुन्हा जाणवतो. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या २०१९-२० च्या १६ भागांच्या मालिकेत दक्षिण कोरियातील धनाढ्य घराण्याची युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात उतरते आणि री जोंग-ह्योक हा तिथला लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. दोन देशांमधली सीमा हे केवढे मोठे कथानक, पण लक्षात राहते ती एक मेणबत्ती. ती सुगंधी मेणबत्ती मागते आणि तो साधी आणतो. पुढे एकदा ती रात्रीच्या बाजारात हरवते, तेव्हा गर्दीत तिला आपण दिसावे म्हणून तो पेटवलेली मेणबत्ती उंच धरून उभा राहतो आणि या वेळी ती सुगंधी असते. आपले बोलणे कुणीतरी लक्षात ठेवले, एवढ्या लहान गोष्टीतून एकाकीपणा कसा दूर होतो हे पटकथाकार पार्क जी-उन यांना पुरेपूर कळते. २०२५ मधील जेजू बेटावरची ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ तर लग्नापाशी थांबतही नाही. गरिबी, मुले आणि म्हातारपण यांतून जाणारा संसार ती दाखवते. प्रेमकथांची फारशी आवड नसलेल्या आपल्या आईवडिलांसोबत बघायची असेल तर मी हीच मालिका सुचवेन.

चिनी मालिकांची खरी मिरास म्हणजे काळाचा अवाढव्य आवाका. ‘इटर्नल लव्ह’ या २०१७ च्या ५८ भागांच्या मालिकेत नायिका आपल्या गुरूचा देह जतन करण्यासाठी ७०,००० वर्षे स्वतःच्या हृदयाचे रक्त देत राहते, आणि नायक येह्वा तिची ३०० वर्षे वाट पाहतो. प्रेम हीच देवदेवतांना पार करावी लागणारी परीक्षा, एका जन्मीचे ऋण दुसऱ्या जन्मी फेडणे, विस्मृती, शाप आणि तप या कल्पना ताओ आणि बौद्ध परंपरांतून तिथे आल्या आहेत, आणि पुराणकथा ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. प्रेमाची कसोटी निष्ठेत आहे, तत्काळ सुख देण्यात नाही, ही भूमिका ज्यांना पटते त्यांना या मालिका फार खोलवर भिडतात. ज्यांना ती जाचक वाटते त्यांनी त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे, कारण नायिकेने निमूटपणे सोसणे आणि नायकाने तिच्या भल्यासाठी सत्य लपवणे हे तिथे भरपूर असते.

आधुनिक चिनी मालिका मात्र अगदी निराळ्या आहेत. २०२३ मधील ‘मीट युवरसेल्फ’मध्ये जिवलग मैत्रिणीच्या मृत्यूने खचलेली एक तरुणी हॉटेलातली नोकरी सोडून युन्नान प्रांतातील दालीजवळच्या खेड्यात राहायला जाते, आणि प्रेम तिथे इतक्या संथपणे फुलते की बरेच भाग शेजारीपाजारी, चहा आणि हस्तकला यांतच जातात. त्याच वर्षीची ‘हिडन लव्ह’ गोड, सुरक्षित आणि फारसे धक्के न देणारी आहे. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला पाऊण तासाचा असा एक भाग विसावा देतो, हे गुण म्हणूनच नोंदवायला हवे.

दोष दोन्हीकडे आहेत. कोरियन मालिका साधारणपणे १६ भागांत आटोपतात, त्यामुळे त्यांची पकड घट्ट असते, पण शेवटच्या तीन-चार भागांत अनेकदा ओढूनताणून एखादा आजार, अपघात किंवा ताटातूट आणली जाते. चिनी मालिकांत पाणी घालण्याची खोड जुनी आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने ४० भागांपेक्षा लांब मालिका नकोत असे सांगितल्यानंतर ती काहीशी आवरली, तरी मधले दहा भाग रेंगाळणे अजूनही घडते. दुसरा मुद्दा आवाजाचा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चिनी मालिकांत, विशेषतः ऐतिहासिक आणि पौराणिक कथांत, संवाद पुष्कळदा दुसऱ्या कलाकाराकडून डब करून घेतलेले असतात. अलीकडे स्वतःचा आवाज वापरणारे नट वाढले आहेत, तरीही रडताना कापणारा आवाज आणि समोरचा चेहरा यांच्यात कधी कधी किंचित अंतर राहते. कोरियन मालिकांत ते अंतर नसते. हिंदीत डब केलेली आवृत्ती पाहिल्यास कोरियन मालिकांचा हा मोठा गुण पुसला जातो, म्हणून सुरुवातीला त्रास वाटला तरी मूळ आवाज ठेवून सबटायटलसह पाहावे.

ज्यांच्यापाशी दोन-तीन शनिवार-रविवारच आहेत आणि ज्यांना मन मोकळे करणारे रडू हवे आहे, त्यांनी ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ घ्यावी. रोज रात्री थोडे थोडे, महिनाभर सोबत हवी असेल तर ‘मीट युवरसेल्फ’. दीर्घ विरह सोसण्याची तयारी असेल तर ‘इटर्नल लव्ह’. ‘स्कार्लेट हार्ट’च्या दोन्ही आवृत्त्या पाहायच्या झाल्या तर कोरियन आधी पाहावी. चिनी मालिकेनंतर कोरियन मालिकेतील राजकारण घाईत उरकल्यासारखे वाटते. उलट, कोरियन आधी पाहिल्यास माणसे ओळखीची झालेली असतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येक निर्णयाची किंमत चिनी मालिका सवकाशीने दाखवते तेव्हा ती पुरती समजते.