दगडावर पाटी कोरायला घेतलेलं रोटरी मशीन: एक पावसाळा काढल्यानंतर

मशीनला पाचपैकी साडेतीन. सोबत आलेल्या बिटांना, म्हणजे कोरायच्या टोकांना, एक, तोही दया म्हणून. शहाबादी फरशीला पैकीच्या पैकी.

मशीन 180 वॅटचं, फ्लेक्स शाफ्टसकट, म्हणजे मोटरचं फिरणं हातातल्या हँडपीसपर्यंत आणणारी लवचिक नळी. दाराबाहेर दगडाची पाटी लावायची एवढ्यासाठीच घेतलं. दगड फुकटचा. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा माजघरातल्या फरश्या राडारोड्यात निघाल्या होत्या, त्यातल्या दोन धड बघून उचलून आणल्या. तुमच्याकडे नसतील तर रिडेव्हलपमेंट चालू असलेल्या कुठल्याही साइटवर विचारा, पुण्यात सध्या अशा साइटना तोटा नाही.

शहाबादी म्हणजे गुलबर्ग्याकडचा चुनखडीचा दगड, तसा मऊ. गोल तोंडाचा डायमंड बिट त्यात आरामात उतरतो. याच मशीनने फुटक्या पाट्याच्या तुकड्यावरही हात चालवून पाहिला. पाटा बेसॉल्टचा, तिथे बिटच गुळगुळीत झाला. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी आठव्या शतकात याच जातीच्या दगडात छिन्नीने कोरली आहेत, म्हणजे त्या लोकांचे हात काय असतील! आपण घरी काळ्या दगडाच्या वाटेला जाऊ नये.

आता तक्रार. सेटमधल्या काही बिटांचे दांडे 2.35 मिमीचे आणि कोलेट, म्हणजे दांडा पकडणारी चिमटी, मात्र 3.2 चा. बिट बसतच नाही. डब्यावर याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी बिट आणि कोलेट वेगळे घेतले, म्हणजे मूळ किमतीत तेवढी भर धराच. हँडपीसही थोड्या वेळात तापतो, मधूनमधून थांबावं लागतं. वेग मिनिटाला 35,000 फेऱ्यांपर्यंत जातो म्हणतात, पण दगडाला त्याच्या निम्माही पुरतो. जास्त वेगात बिट जळतो.

कोरताना स्प्रेच्या बाटलीने पाणी मारत राहायचं. बिट थंड राहतो आणि धूळ उडत नाही. मोटर मी खिडकीच्या गजाला टांगते, हातात फक्त शाफ्ट, त्यामुळे पाणी मोटरपर्यंत पोचत नाही. घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हा उद्योग करू नका. एन95 मास्क आणि गॉगल हवेतच. आवाज थेट दाताच्या डॉक्टरकडचा, तेव्हा दुपारी एक ते चार विसरा.

अक्षरांसाठी गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून स्टेन्सिल कापून घेतलं. मला वाटलं होतं, गोलाई अवघड जाईल. प्रत्यक्षात छळते ती शिरोरेखा. बिट स्वतःच्या फिरण्याच्या दिशेने पळतो आणि सरळ रेघेत तो पळालेला लगेच दिसतो. ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या कडेने, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापली तेव्हा कुठे रेघ रेघेसारखी आली. दुसरी गोष्ट म्हणजे पोकळ्या. ठ, व, ब यांच्या पोटातला दगड बारीक राहिला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. इंचभर उंचीच्या खाली अक्षर घेऊ नका. या हिशेबाने चार ओळींची पाटी दोन ओळींवर आली: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते.’

नुसतं कोरलेलं अक्षर कोरडं असताना पांढुरकं दिसतं, ओलं झालं की गायब. रंग भरावाच लागतो. आधी सगळ्या दगडाला सीलर, मागच्या बाजूलासुद्धा, मग खाचेत पांढरा ऑइलपेंट, वाळल्यावर वर आलेला रंग ओल्या पॉलिशपेपरने घासून काढायचा. सीलर नसेल तर रंग कडेने दगडात पसरतो.

पाटी बाहेरच्या भिंतीवर आहे, पावसाचे फटकारे थेट बसतात. रंग अजून जागेवर आहे. खालच्या कडेला शेवाळ धरलं, ते ब्रश आणि साबणाच्या पाण्याने गेलं. ॲसिड किंवा लिंबू चुकूनही लावू नका, चुनखडी फसफसते आणि पॉलिश कायमचं जातं. दीड फूट बाय आठ इंच, इंचभर जाड फरशी सहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे नुसत्या एपॉक्सीवर भरवसा ठेवला नाही. स्टेनलेसचे दोन एल अँगल फिशर ठोकून लावले. साध्या लोखंडाचे लावले तर गंजाचे ओघळ दगडावर उतरतात.

फक्त एका पाटीसाठी मशीन घेऊ नका, पाथरवटाकडून करून घ्या. हाताला चाळा हवा असेल तर जरूर घ्या. दुसऱ्या फरशीवर आता पार्किंगची पाटी करायची आहे, पण मजकूर सोसायटीच्या मीटिंगमध्ये अडकलाय.