कंपवातातील बोलण्यासाठी स्पीच थेरपी : चार आठवड्यांचा अनुभव

माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे. गेल्या वर्षभरात त्यांचा आवाज इतका खाली गेला की आई "अहो, काय म्हणालात?" असे पुन्हा पुन्हा विचारी आणि ते वैतागून "ओरडूनच सांगतोय की!" असे पुटपुटत. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यावरून पुण्यातील एका केंद्रात आम्ही ली सिल्व्हरमन पद्धतीच्या, म्हणजे मोठ्या आवाजात बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या स्पीच थेरपीच्या, सोळा बैठका पूर्ण केल्या. चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, रोज एक तास.

पहिल्याच दिवशी थेरपिस्ट बाईंनी आजार नीट उलगडून सांगितला, ही या केंद्राची मोठी जमेची बाजू. जीभ आणि ओठ लुळे पडलेले नसतात. मात्र हालचालीचा आवाका सांभाळणाऱ्या बेसल गँग्लिया या मेंदूतील भागाला डोपामाइन हे रसायन कमी पडल्याने प्रत्येक हालचाल आखूड होते आणि आपला आवाज बसला आहे हे रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. बाबांना भरभर "प-ट-क, प-ट-क" म्हणायला लावले, तेव्हा सुरुवातीचे तीन-चार फेरे स्वच्छ आले, मग वेग आपोआप वाढून तिन्ही अक्षरांचा लगदा झाला. ते ध्वनिमुद्रण ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

उपचारात एकेका अक्षराची घोकंपट्टी नव्हती. लांब "आ" आणि "काका, मोठ्याने!" एवढीच सूचना; आवाज मोठा केला की तोंडही जास्त उघडते आणि ट, ळ यांसारखी अक्षरे बरीचशी सुधारतात, हे आम्ही आवाजाची पातळी मोजणाऱ्या डेसिबल मीटरसमोर बसून पाहिले.

वाचायला दिलेली वाक्ये मात्र सरळ इंग्रजीवरून उतरवलेली होती. "कृपया मला थोडे पाणी मिळू शकेल का?" असे आमच्या घरी कोण म्हणतो? शेवटी "पेपर आला का?", "चहात साखर घातलीस?" अशी दहा वाक्ये आम्हीच लिहून नेली. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, ही गोष्ट कंपवाताच्या रुग्णांसाठी अक्षम्य आहे.

एएलएस या वेगळ्या मज्जाविकारात मात्र स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशीच मरत जातात, त्यामुळे जोर लावून बोलल्याने रुग्ण फक्त थकतो. तशा एका रुग्णाला बाईंनी हा क्रम न देता हळू बोलणे आणि अक्षरांवर बोट ठेवून शब्द सांगण्याचा अक्षरफलक शिकवला, हे मला विशेष आवडले.

बाबांचे बोलणे आता फोनवरही कळते. मध्यंतरी दिवाळीत दहा दिवस सराव चुकला आणि आवाज लगेच उतरला, म्हणून महिन्यातून एक बैठक आम्ही चालू ठेवली आहे.