रात्री साडेदहाला अडलेलं गणित कुणाला विचारायचं?

‘दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या काढा.’ दहावीच्या बीजगणितातलं हे नेहमीचं शाब्दिक उदाहरण. उद्या वही तपासायला द्यायची आहे आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत. एवढ्या रात्री सरांना फोन करायची सोय नाही. मग पोर मोबाइल उचलतं आणि कुणा अनोळखी माणसाला विचारतं. दहावीची शिकवणी घेतो म्हणून पालक मला नेहमी विचारतात, सर, असं करू द्यावं का? मी म्हणतो, करू द्या, फक्त विचारतंय कुठं तेवढं बघा. म्हणून हेच उदाहरण घेऊन चार दारं फिरू.

आधी यात मुलं कुठं अडतात ते बघा. लहान संख्या एक्स धरली, तर पुढची सम संख्या एक्स अधिक २. निम्मी मुलं इथंच एक्स अधिक १ लिहितात आणि मग अवयव काही पडत नाहीत. मांडणी बरोबर असेल तर शेवटी एक्स वर्ग अधिक २ एक्स वजा १२० बरोबर शून्य येतं, आणि त्यातून एक्स १० किंवा वजा १२. संख्या नैसर्गिक आहेत म्हणून वजा १२ सोडायची. उत्तर १० आणि १२. परीक्षेत गुण पायऱ्यांना असतात, आणि ‘वजा १२ का सोडली’ ही ओळसुद्धा एक पायरीच आहे.

ब्रेनली हे सगळ्यांत गजबजलेलं दार. २००९मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ, पण आपल्या बोर्डाचे प्रश्न तिथं मराठीत टाकलेलेही सापडतात. ही त्याची मोठी जमेची बाजू. प्रश्न विचारायला गुण खर्च होतात, उत्तर दिलं की गुण मिळतात. कुणीतरी लगेच धावून येतं ते यामुळेच, आणि उत्तरं दोन ओळींत आटोपलेली असतात तीही यामुळेच. समोरचा बहुधा दुसऱ्या गावातला दहावीचाच विद्यार्थी. तो ‘१० आणि १२’ सांगेल. वजा १२चं काय झालं ते सांगेलच असं नाही. पडताळलेल्या उत्तराची खूण असेल तर जरा निर्धास्त वाचावं, पण आपल्या पुस्तकातली पद्धत तीच आहे का, हे मुलानंच बघायचं.

फोटो काढून उत्तर देणारी अॅप्स हा वेगळा प्रकार. तिथं माणूस भेटत नाही, तयार उत्तरांचा साठा भेटतो. डाउटनटमध्ये प्रश्नाचा फोटो टाकला की जुळणारा व्हिडिओ पुढे येतो. कोट्याच्या अॅलन या कोचिंग संस्थेनं २०२३मध्ये ते विकत घेतलं. मराठी माध्यमाच्या मुलांना इथं एक खडा लागतो, तो म्हणजे हिंदी परिभाषा. आपलं वर्गसमीकरण हिंदीत ‘द्विघात समीकरण’ होतं, विवेचकाचा ‘विविक्तकर’ होतो, एकरूप त्रिकोण ‘सर्वांगसम’ होतात आणि निश्चयकाला ‘सारणिक’ म्हणतात. गणित तेच, पण घाईत असलेल्या पोराला वाटतं हा वेगळाच धडा आहे. (एका मुलीनं पेपरात खरंच ‘द्विघात’ लिहिलं होतं. कुठून शिकलीस ते विचारावं लागलं नाही.) फोटोमॅथ आता गूगलचं आहे. समीकरण दिलं की पुढच्या पायऱ्या ते चोख दाखवतं. पण आपल्या मुलांची गाडी बहुतेक वेळा समीकरणाच्या आधीच अडलेली असते.

मॅथमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज हे गणिताच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २०१०पासून चालू आहे आणि त्याची रीत पार उलटी. नुसता प्रश्न चिकटवला की तो बंद होऊ शकतो, खाली उणे मतंही पडतात. तिथं पहिला सवाल हाच येतो, की तू स्वतः काय करून पाहिलंस? पोरं चिडतात. पण आपली अर्धी मांडणी टाइप करायला बसलं, की एक्स अधिक १ची चूक पुष्कळदा पाठवायच्या आधीच दिसते. वर एखादा भला माणूस वेगळी वाट दाखवून जातो. दोन्हींच्या मधली संख्या एक्स धर, मग संख्या एक्स वजा १ आणि एक्स अधिक १. वर्ग करून बेरीज केली की मधली पदं उडतात, उरतं २ एक्स वर्ग अधिक २ बरोबर २४४. एक्स वर्ग १२१, एक्स ११. अवयवांची भानगडच नाही! हे बघून ज्या पोराचे डोळे चमकतात त्याला हे दार नक्की दाखवावं. अडचण भाषेची आहे. सगळा कारभार इंग्रजीत, आणि गणिती चिन्हं टाइप करायची पद्धतही शिकावी लागते. रात्री साडेदहाला पहिल्यांदाच तिथं जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

चेगसारख्या पैसे घेऊन उत्तरं देणाऱ्या सेवा दहावीसाठी बघूच नका. ते कॉलेजवाल्यांचं प्रकरण.

उरले मेसेजचे ग्रुप. माझ्याकडे एकदा सहा वह्या आल्या. सहाही वह्यांत उत्तर ‘१०, १२ किंवा वजा १२, वजा १०’, आणि सहाही वह्यांत ‘नैसर्गिक’चं ‘नैर्सगिक’ झालेलं. मूळ फोटो एका ग्रुपवर कुणा ‘दादा’नं टाकला होता, हा दादा कोण, हे सहापैकी एकालाही सांगता येईना. अशाच ठिकाणी ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ म्हणत पैसे मागणारे मुलांना परस्पर मेसेज करतात. या दाराला मी कुलूप लावीन.

माझी निवड अशी. समीकरण मांडलंय पण उत्तर जुळत नाही, तर आधी पुस्तकामागची उत्तरसूची आणि मग फोटोमॅथ. मांडणीच सुचत नसेल आणि माध्यम मराठी असेल, तर ब्रेनली. पण उत्तर एकदा वाचायचं, मोबाइल पालथा ठेवायचा आणि मग वहीत लिहायचं. गणिताची मुळातच गोडी आहे, इंग्रजी चालतं आणि हाताशी आठवडा आहे, तर स्टॅक एक्स्चेंज. फोटो कुठंही टाका, फक्त उदाहरणापुरता कापून टाका. वहीच्या कव्हरवर नाव, शाळा, तुकडी सगळं असतं.

आणि तुम्हाला स्वतःला बीजगणित आठवत नसलं तरी बिघडत नाही. पोरानं उत्तर आणलं की एवढंच विचारा, ‘वजा १२चं काय केलंस?’